चौकटीबाहेरच्या झाडांच्या सावल्या

डिसेंबर उजाडला की मराठी वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास छापून येतं. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव, नाहीतर लिंगमळा. पहाटेची वेळ, बोटींच्या धक्क्यावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, एखाद्या जीपच्या टपावर पांढरी खर. मथळाही ठरलेला : दवबिंदू गोठले. पर्यटक बोटाने ती खर खरवडतात, तळहातावर घेऊन फोटो काढतात आणि ऊन चढलं की सगळ्याचं पाणी होतं. छत्तीसगडच्या हिंदी पत्रांत हीच बातमी चिल्फी घाटातून किंवा मैनपाटवरून येते. भिलाईच्या नशिबी मात्र तीही नाही. इथली थंडी बेताची. पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरला की सेक्टरांमधल्या क्वार्टरांपुढे शेकोट्या पेटतात, माकडटोप्या बाहेर निघतात आणि संक्रांत उलटली की स्वेटर पुन्हा ट्रंकेत जातात. बर्फ पाहायचा तर दिवाणखान्यातल्या कॅलेंडरवर.

त्यामुळे हिवाळ्याचं निसर्गचित्र म्हटलं की भिलाईतल्या मराठी घरातही तेच डोळ्यांपुढे येतं : पांढरे डोंगर, सूचिपर्णी झाडं, लाकडी घर, धुराड्यातून निघणारा धूर. युरोपातल्या इंप्रेशनिस्ट चित्रकारांनी अशी चित्रं काढली, ती थोर आहेत, पण ती त्यांच्या हवेची. आपल्याला त्यातलं काय कळणार, असा एक नम्र समज असतो. मराठी विश्वकोशाने या शैलीला ‘दृक्प्रत्ययवाद’ असं भारदस्त नाव दिल्यापासून तर सामान्य वाचक आणखी चार पावलं मागे सरकला असावा. हा समज साफ चुकीचा आहे, आणि तो खोडायला एकच चित्र पुरे. त्यात बर्फाचं ढेकूळसुद्धा नाही.

चित्र कामीय पिसारोचं आहे, १८७३ सालचं. नाव ‘जले ब्लांश’, म्हणजे पांढरी खर. महाबळेश्वरच्या जीपवर पडते तीच. पॅरिसजवळच्या पाँत्वाज गावाबाहेरचा, एन्नरीकडे जाणारा जुना रस्ता. नांगरून ठेवलेली चढणीची जमीन. तिच्यातून एक शेतकरी पाठीवर काटक्यांची मोळी घेऊन, काठी टेकत चालला आहे. वर फिकट, उन्हाळलेलं म्हणावं असं आकाश. बस, एवढंच. डोंगर नाही, घर नाही, गोंडस पक्षी नाही. पहिल्या नजरेला हे चित्र गोंदिया-राजनांदगाव पट्ट्यातल्या कुठल्याही गावशिवाराचं वाटावं. मोळीवाला तर हुबेहूब.

मग नजर जमिनीवर ठरते. तपकिरी मातीवर गोठलेल्या दवाचा पातळ थर आहे, आणि तो पांढरा रंगवलेला नाही. गेरूसारखा पिवळा, मळकट हिरवा, गुलाबीकडे झुकणारा, मध्येच राखाडी, असे लहान लहान फटकारे शेजारीशेजारी टेकवले आहेत. जवळून पाहिलं तर नुसता रंगांचा चिखल. चार पावलं मागे गेलं की त्याच चिखलातून जमीन कुडकुडायला लागते. आणि या सगळ्या शेतावरून तिरके, लांबच लांब निळसर पट्टे गेले आहेत. त्या झाडांच्या सावल्या आहेत. ती झाडं मात्र चित्रात नाहीत. ती चौकटीच्या बाहेर कुठेतरी, पाहणाऱ्याच्या पाठीमागे उभी आहेत. म्हणजे सूर्य पाठीशी आहे, सकाळ कोवळी आहे, आणि चित्र पाहणारा माणूसही त्या रस्त्यावरच उभा आहे. पिसारोने हे सगळं ती झाडं न काढता सांगितलं.

लोकांना ते अजिबात आवडलं नाही. १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत या शैलीच्या चित्रकारांचं जे पहिलं प्रदर्शन भरलं, त्यात हे चित्र होतं. दहा दिवसांनी ‘ल शारिवारी’ या विनोदी पत्रात लुई लरॉयने त्यावर एक खुसखुशीत लेख लिहिला आणि त्यातल्या एका काल्पनिक जुन्या वळणाच्या चित्रकाराच्या तोंडून पिसारोची टर उडवली : ही कसली नांगरट, ही कसली खर, हे तर रंगाच्या पाटीवरची खरवड मळक्या कॅनव्हासला फासलेली! याच लेखाने ‘इंप्रेशनिस्ट’ हे नाव टिंगल म्हणून रूढ केलं. दुसरा समीक्षक कास्तान्यारी तसा या मंडळींच्या बाजूचा. पण चौकटीबाहेरच्या झाडांच्या सावल्या चित्रात आणणं ही घोडचूक आहे, असं त्यालाही वाटलं. सावली आहे आणि झाड नाही, म्हणजे हिशेब लागत नाही.

पिसारोचा जन्म १८३० साली सेंट थॉमस बेटावर झाला. हे बेट कॅरिबियन समुद्रात आहे आणि तिथे हिवाळा म्हणजे काय ते नारळाच्या झाडांना ठाऊक नाही. तो शाळेसाठी पॅरिसजवळ गेला, पुन्हा बेटावर परतला, वडिलांच्या दुकानात बसला आणि पंचविसाव्या वर्षी कायमचा फ्रान्सला आला. गोठलेल्या सकाळीचं इतकं बारीक निरीक्षण करणारा माणूस मूळचा उष्ण कटिबंधातला होता. बर्फात जन्मलेल्या माणसाला बर्फ रोजचा असतो. दुरून आलेला तो टक लावून पाहतो. उलट पॅरिसच्या हवेत वाढलेल्या, याच मंडळींतल्या रन्वारला हिमदृश्यांचा तिटकारा होता आणि त्याने ती फारशी काढलीच नाहीत. भिलाईकराने न्यूनगंड बाळगायचं काही कारण उरत नाही ते इथे.

आता दुर्ग-भिलाईच्या शिवारात यावं. नोव्हेंबर-डिसेंबरात धान कापलं जातं. पेंढ्या बांधून खळ्यावर रचतात. त्या रासेला छत्तीसगडी माणूस ‘खरही’ म्हणतो. मळणी झाल्यावर उरतो तो ‘पैरा’ आणि त्याचा ढीग म्हणजे ‘पैरावट’. सीमेपलीकडे गोंदिया-भंडाऱ्यात हेच दोन शब्द निराळे आहेत. न मळलेल्या धानाच्या पेंढ्यांची रास ते ‘पुंजणे’, आणि मळल्यावरचं तणस. शेतकऱ्याच्या लेखी या दोन ढिगांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तणस जळालं तर गुरांची वैरण गेली. पुंजणे जळालं तर वर्ष गेलं.

हा भाषेचा तपशील इथे उगाच आणलेला नाही. क्लोद मोनेची जी चित्रमालिका जगभर ‘हेस्टॅक्स’ म्हणून ओळखली जाते, तिचं मराठीत ‘गवताच्या गंज्या’ असं भाषांतर सर्रास होतं. ते चुकलेलं आहे. मोनेने जिव्हर्नीतल्या आपल्या घराजवळच्या शेतात जे पाहिलं ते गवत नव्हतं. त्या न मळलेल्या गव्हाच्या पेंढ्यांच्या राशी होत्या, पंधरा-वीस फूट उंच, वरून पेंढ्याचं छप्पर केलेल्या. मळणीयंत्र गावोगाव फिरत येई, त्याची पाळी लागेपर्यंत राशी हिवाळाभर तशाच उभ्या राहत. म्हणजे ती पुंजणी होती! गोंदिया-भंडाऱ्यातल्या शेतकऱ्याला ही चित्रं दाखवली तर तो आधी विचारील, मळणी कधी आहे? आणि मग लगेच कळेल की त्या चित्रांमध्ये नुसती शोभा नाही. थंडीत उघड्यावर उभं असलेलं ते कुणाचं तरी वर्षाचं धान्य आहे, जणू वस्तीतली घरंच.

१८९० च्या उन्हाळ्याअखेरीपासून १८९१ पर्यंत मोनेने ही सुमारे पंचवीस चित्रं केली. एकाच वेळी अनेक कॅनव्हास शेतात नेऊन ठेवायचे, ऊन बदललं की कॅनव्हास बदलायचा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. धुकं, वितळता बर्फ, खर. मे १८९१ मध्ये पॅरिसला द्युराँ-र्‍युएलच्या दालनात त्यातली पंधरा मांडली गेली. बर्फातली पुंजणी पाहावीत : राशीची उन्हाकडची कड केशरी पेटलेली, सावलीकडची बाजू जांभळी-तांबडी, आणि भोवतीचा बर्फ गुलाबी, निळा, फिकट पिवळा, सगळं काही, पांढरा सोडून. (याच मालिकेतलं एक चित्र १४ मे २०१९ ला न्यूयॉर्कच्या लिलावात ११ कोटी ७ लाख डॉलरना गेलं. धानाला क्विंटलमागे काय मिळतं हे ज्याला रोज बघावं लागतं त्याने तो आकडा वाचून सोडून द्यावा हे बरं.)

यातलं एक पुंजणे मॉस्कोला पोचलं. तिथे भरलेल्या फ्रेंच कलेच्या प्रदर्शनात कायद्याचा एक तरुण अभ्यासक त्याच्यापुढे उभा राहिला आणि त्याला हे कशाचं चित्र आहे तेच कळेना. यादी पाहिल्यावर उलगडा झाला. वस्तू ओळखू येत नाही याचा त्याला आधी राग आला. पण चित्र डोक्यातून जाईना. तो वासिली कांदिन्स्की. पुढे कायद्याचा रस्ता सोडून तो म्युनिकला चित्रकला शिकायला गेला आणि अमूर्त चित्रकलेचा एक आद्य प्रवर्तक ठरला. ‘हे काय आहे?’ या प्रश्नाचं उत्तर उशिरा मिळाल्याचा हा परिणाम. भिलाईतल्या प्रदर्शनात चित्रापुढे उभं राहून पहिल्याच क्षणी तोच प्रश्न विचारणाऱ्यांनी घाबरायचं काही नाही. फक्त उत्तर मिळताच पुढच्या चित्राकडे सरकू नये.

आपल्याकडे चित्र पाहायची सवय बिघडते ती शाळेत. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या पिढ्यांना ‘स्मरणचित्र’ आठवत असेल. बसस्टॉप, जत्रा, भाजीबाजार. वर्गात बसून, आठवणीतून. स्मरणशक्तीला वळण लावायला ते ठीकच आहे. पण आठवण फार खोटारडी असते. ती सांगते : पान हिरवं, आकाश निळं, सावली काळी, बर्फ पांढरा. दोन डोंगरांच्या मध्ये उगवणारा सूर्य आणि त्यातून निघणारी नदी हे चित्र देशातल्या प्रत्येक मुलाने काढलेलं असतं आणि कुणीच पाहिलेलं नसतं. मोने, पिसारो आणि त्यांचा सोबती सिस्ले यांचं सगळं भांडण या स्मरणचित्राशी होतं. समोर जे दिसतं ते काढा, जे माहीत आहे ते नको, एवढाच त्यांचा हट्ट.

आणि समोर काय दिसतं? सावली निळी दिसते. उन्हाचा थेट किरण पिवळसर असतो. तो जिथे पोचत नाही तिथे उजेड येतो आकाशातून, आणि आकाश निळं. काळ्या मातीवर ही निळाई विरून जाते, पांढऱ्यावर लपत नाही. हिमदृश्यांचं या चित्रकारांना एवढं वेड होतं त्याचं मुख्य कारण हेच : बर्फ हा निसर्गाने अंथरलेला कोरा कॅनव्हास, उजेडाची प्रत्येक लबाडी त्यावर पकडली जाते. शिवाय गोबलँच्या रंगशाळेतला रसायनज्ञ शेव्ह्रलने १८३९ सालीच एक जाडजूड ग्रंथ लिहून दाखवून दिलं होतं की शेजारच्या रंगामुळे रंग बदललेला दिसतो. पिवळ्याशेजारचा राखाडी जांभळा भासतो. बनारसी शालूची काठ-पदराची जोडणी पारखणाऱ्या कुठल्याही मराठी बाईला हे सांगावं लागत नाही.

मोनेचं ‘ला पी’, म्हणजे मॅगपाय पक्ष्याचं चित्र, १८६८-६९ च्या हिवाळ्यातलं. नॉर्मंडीतल्या एत्रेताजवळचं शेत, काटक्यांचं कुंपण, डावीकडे एक फाटक आणि फाटकावर टेकलेला काळा-पांढरा पक्षी. ऊन मागून येतंय, त्यामुळे कुंपणाची सावली आपल्याकडे पसरली आहे, निळी-जांभळी. १८६९ च्या सरकारी प्रदर्शनाने, सलोनने, हे चित्र परत पाठवलं. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे, पिसारोच्या खरीच्याच घरी. त्या काळात एका पत्रकाराने मोनेला कडाक्याच्या थंडीत काम करताना पाहिलं होतं. त्याला आधी दिसली पाय शेकायची शेगडी, मग चित्राची घोडी, मग तीन ओव्हरकोटांत गुंडाळलेला, हातमोजे घातलेला, अर्धवट गोठलेल्या चेहऱ्याचा एक गृहस्थ. चित्राच्या शांततेमागे एवढी हुडहुडी आहे.

भिलाईला या विषयात आणखी एक दार आहे, ते रशियाकडे उघडणारं. २ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघात इथल्या पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. रशियन तंत्रज्ञ सहकुटुंब येऊन राहिले. इथले अभियंते प्रशिक्षणाला तिकडे गेले आणि आयुष्यात प्रथमच गुडघाभर बर्फात चालून आले. वस्तीचं ‘रशियन कॉम्प्लेक्स’ हे नाव आणि मैत्री बाग आजही त्या काळाची आठवण देतात. त्याच सुमारास मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची मराठी पुस्तकं लोकवाङ्मय गृहाच्या वाटेने घरोघर येत होती. जाड कागद, पक्की बांधणी, आणि किंमत अशी की बापाला नाही म्हणता येऊ नये. मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनी बर्फ प्रथम पाहिला तो या पुस्तकांतल्या चित्रांत : बर्च झाडं, घसरगाड्या, फरच्या टोप्या. त्या चित्रांमधला बर्फही नीट पाहिला तर निळाच होता.

त्या निळाईचा एक आजोबा म्हणजे इगोर ग्राबारचं १९०४ चं ‘फेब्रुवारीची निळाई’. मॉस्कोजवळच्या दुगिनो गावात ग्राबार सकाळी फिरायला निघाला. हातातली काठी पडली म्हणून वाकला, आणि खालून वर पाहताना एका बर्चच्या फांद्यांमागे आकाश असं काही निळं दिसलं की तो जागच्या जागी थबकला. नंतर त्याने त्या बर्फात मीटरभराहून खोल खंदक खणला, घोडी घेऊन त्यात उतरला आणि खालूनच चित्र रंगवलं. वरच्या छत्रीला त्याने निळा रंग दिला होता, का, तर साध्या छत्रीतून झिरपणारा उबदार उजेड कॅनव्हासवर पडला असता आणि रंगांचा अंदाज चुकला असता. रसिकतेच्या नावाखाली नुसते उसासे टाकणाऱ्यांनी ही निळी छत्री लक्षात ठेवावी. भट्टीचं तापमान मोजणारा माणूस जेवढा काटेकोर असतो, तेवढाच हा चित्रकार होता.

खरं तर इंप्रेशनिझम आणि कारखाना यांचं नातं आपण मानतो त्याहून जवळचं आहे. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथिलाच्या नळीत रंग भरण्याचं पेटंट घेतलं, म्हणून रंग खिशात घालून शेतावर जाता आलं. कोबाल्ट निळा, कृत्रिम अल्ट्रामरीन, क्रोम पिवळा ही एकोणिसाव्या शतकातल्या रसायनांची देणगी. ती नसती तर निळी सावली कशाने रंगवली असती? आणि पॅरिसहून अर्जाँतोय, पाँत्वाजला नेणारी आगगाडी. १८७५ च्या आसपास मोने अर्जाँतोयला राहत असताना त्याने बर्फात उभ्या असलेल्या इंजिनाचं चित्र केलं : करडं आकाश, काळं धूड, आणि त्यावर दोन पिवळे दिवे, डोळे असावेत तसे. भारतीय रेल्वेच्या रुळांचा मोठा भार गेली कित्येक दशकं भिलाईची रेल मिल उचलते आहे. त्या गावाने तरी या चित्राला परकं म्हणू नये.

याहून जवळचा माणूस म्हणजे आर्माँ गियोमँ. मोने-पिसारोंच्या मानाने त्याचं नाव मागे पडलं. तो रेल्वेत नोकरीला होता. पुढे रस्ते-पूल खात्यात रात्रपाळीचं काम धरलं, का तर दिवस चित्रांसाठी मोकळा राहावा. १८७४ च्या त्याच पहिल्या प्रदर्शनात त्याचं ‘इव्रीचा सूर्यास्त’ होतं : नदी, पेटलेलं आकाश आणि क्षितिजावर कारखान्यांची धुराडी, धुराचे लोट सोडणारी. १८९१ मध्ये त्याला एक लाख फ्रँकची लॉटरी लागली आणि तेव्हा कुठे नोकरी सुटली. भिलाईत संध्याकाळी ड्यूटीवरून परतताना कारखान्याच्या दिशेने मान वळवली की गियोमँचं चित्र दिसतं. रात्री वितळलेला स्लॅग ओतला जातो आणि ढगांच्या पोटावर तांबूस उजाळा पसरतो, तेव्हा तर कुठल्याही संग्रहालयात नसलेलं चित्र दिसतं.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल. तो धूर आहे. १८९९ ते १९०१ या काळात मोने हिवाळ्यात लंडनला जाऊन राही, केवळ तिथल्या धुरकट धुक्यासाठी. एका सकाळी खिडकीबाहेर धुकं नाही हे पाहून त्याचं धाबं दणाणलं. मग हळूहळू शहरातल्या शेगड्या पेटल्या, धूर पसरला आणि त्याच्या जिवात जीव आला, असं त्याने बायकोला पत्रात कळवलं आहे. २०२३ मध्ये अ‍ॅना ली अल्ब्राइट आणि पीटर ह्यूबर्स या हवामान-अभ्यासकांनी इंग्रज चित्रकार टर्नर आणि मोने यांची शंभरेक चित्रं तपासून दाखवलं की चित्रांमधली वाढती धूसरता आणि हवेतलं वाढतं प्रदूषण हातात हात घालून चालतात. मोने हॉटेलात राहून चित्रं करून निघून जाई. लंडनकर खोकत राहत. भिलाईत, आणि शेजारच्या वस्त्यांत, हिवाळ्यातला तो मऊ राखाडी पडदा खाली का बसतो, हे दम्याच्या रोग्याला वेगळं सांगायला नको. तो पडदा सुंदर दिसतो हे खरं. म्हणून त्याची तक्रार करायची नाही, असं मात्र कुठे लिहिलेलं नाही. उलट रोज नीट पाहणाऱ्या माणसालाच तो किती दाट झाला ते आधी कळेल.

मराठी चित्रकारांनी हा उजेडाचा धडा फार लवकर गिरवला होता. कोल्हापूरच्या कोटितीर्थाकाठी राहून अबालाल रहिमान यांनी तळ्यावरच्या, नदीवरच्या बदलत्या उजेडाची जी चित्रं केली, ती पाहताना फ्रान्सची आठवण होते. आणि ते स्वतः तर फ्रान्सला गेले नव्हते. इंदूरला १९२७ मध्ये दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी चित्रशाळा काढली. विद्यार्थ्यांना खोलीबाहेर काढायचं आणि सावलीत रंग शोधायला लावायचं, ही तिथली रीत. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर, देवकृष्ण जोशी हे सगळे त्या शाळेतले. बेंद्र्यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात काश्मीरला पर्यटन खात्यासाठी चित्रकार म्हणून काम केलं. म्हणजे इंदूरच्या उन्हात शिकलेला हात बर्फाच्या प्रदेशात तीन वर्षं फिरला. उतारवयात बेंद्रे लहान लहान ठिपक्यांनी चित्रं रंगवू लागले, आणि त्या ठिपक्यांच्या मुळाशी इंदूरचा धडा आहे हे त्यांच्या चाहत्यांना माहीत आहे. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचे, नागपूरच्या चित्रशाळेत शिकलेले. १९५० मध्ये पॅरिसला गेले. मध्य भारताच्या या पट्ट्याला चित्र पाहायची दृष्टी नाही, असं म्हणायची सोय या माणसांनी ठेवलेली नाही.

मग भिलाईत घोडं अडतं कुठे? इंदिरा प्लेसला नेहरू आर्ट गॅलरी आहे. खैरागडला १९५६ पासून इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे, तिथे रीतसर चित्रकला शिकवली जाते. ही दोन्ही ठिकाणं असताना या भागाच्या हिवाळ्याचं एक नेमाचं चित्रप्रदर्शन असायला काय हरकत आहे? अट एकच ठेवावी : चित्र जागेवर बसून केलेलं हवं, फोटोवरून नको. खरही आणि पैरावट, शिवनाथेवरचं पहाटेचं धुकं, तांदुळाच्या वखारीपुढे लागलेली ट्रकांची रांग, सेक्टरच्या रस्त्यावर शेकोटीभोवती बसलेली माणसं, पाळी सुटताना सायकल-स्कूटरींच्या दिव्यांनी भरलेला रस्ता. यातला एकही विषय पिसारोने हसून बाजूला सारला नसता. आणि घाई करायला हवी, कारण कम्बाइन हार्वेस्टर एका फेरीत कापणी-मळणी उरकून टाकतो. खरही रचायचं कामच उरत नाही. मोनेची पुंजणीही अशीच यंत्रांनी संपवली. आज ती फ्रान्सच्या शेतात दिसत नाहीत, फक्त भिंतींवर दिसतात.

मराठी मंडळांनीही यात थोडं लक्ष घालावं. गणेशोत्सवातली चित्रकला स्पर्धा बंद करा असं कुणी म्हणत नाही. पण मंडपात सतरंजीवर बसवून ‘माझा आवडता ऋतू’ काढायला लावण्याऐवजी जानेवारीतल्या एका रविवारी वीस मुलांना शिवारात नेलं, तर खर्च फक्त बिस्किटं आणि चहाचा. मुलांना एकच सांगायचं : काळा खडू घरी ठेवून या. सावली कुठल्या रंगाची ते तिथे गेल्यावर ठरवू.

मोठ्यांना खडूही लागत नाहीत. भिलाईत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. रविवारी तेवढ्या लवकर उठावं, दुर्गच्या बाजूच्या एखाद्या शेताच्या बांधावर उभं राहावं, सूर्याकडे पाठ करावी. मोबाइल खिशातच राहू द्यावा. याच वर्तमानपत्राची एक बारीक सुरळी करावी, एक डोळा मिटावा आणि दुसऱ्या डोळ्याने सुरळीतून फक्त सावली पडलेला तणसाचा तुकडा पाहावा. भोवतालचं काहीच दिसता कामा नये. काय रंग दिसतो तो सुरळी उलगडून समासात लिहून ठेवावा. आठाच्या पुढे थांबू नये, तोवर तो रंग गेलेला असतो.